जनरेटरचा लपंडाव आणि ओहमचा नियम

वीज गेली की मंगल कार्यालयात किंवा दवाखान्यात डिझेल जनरेटर सुरू होतो. तो जुना असेल तर एक तक्रार हमखास ऐकू येते : अर्धा तास उत्तम चालतो, मग आपोआप बंद पडतो, थोडे थांबले की पुन्हा सुरू! मेकॅनिक येईपर्यंत सारे ठीक झालेले असते. मग आज बॅटरी, उद्या स्टार्टर असे अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. पैसे जातात, बिघाड राहतो. शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने हा बिघाड कसा शोधता येतो, ते पाहू.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. मग विजेच्या दोषाने ते बंद का पडावे? बऱ्याच इंजिनांत इंधनाची वाट उघडी धरणारे सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबक, असते. त्याला बॅटरीचा प्रवाह सतत मिळाला तरच डिझेल पुढे जाते. या परिपथात ऑइलचा दाब व इंजिनाचे तापमान पाहणारे सुरक्षा स्विच, फ्यूज आणि अनेक जोड असतात. त्यातला एक सुटला, की इंजिन थांबते.

बहुधा दोष जोडातच असतो. 50 हर्ट्झची वीज देणारे चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 1500, म्हणजे तासाला 90,000 फेरे घेते. त्या हादऱ्यांनी जोडातले धातू एकमेकांवर घासतात, ऑक्साइडचा थर साचतो आणि रोध वाढतो. त्यात उष्णतेची भर पडते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. सोलेनॉइडची गुंडाळी 50 अंशांनी तापली, तर तिचा रोध सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो, प्रवाह घटतो आणि चुंबकाची पकड सैल होते. थंडपणी खपून गेलेला खराब जोड आता खपत नाही.

हा जोड ओळखायचा कसा? यंत्र थांबवून मल्टिमीटरने रोध मोजला, तर सारे ठीक दिसते. 0.01 ओहम रोध साध्या मीटरला कळतच नाही. पण स्टार्टर 200 अँपिअर प्रवाह घेत असेल, तर 200 × 0.01 = 2 व्होल्ट त्या एका जोडात खर्च होतात. 12 व्होल्टच्या बॅटरीला ही तूट मोठी आहे. म्हणून प्रवाह वाहत असताना जोडाच्या दोन बाजूंमधले विभवांतर मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सहकाऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर एकेक जोड तपासत पुढे जावे. चालू इंजिनावर बॅटरीचे धन टोक आणि सोलेनॉइडचे धन टोक यांमध्येही असेच मोजावे. इंजिन तापत जाताना आकडा चढत असेल, तर चोर याच वाटेवर आहे. हात, कपडे व मीटरच्या वायरी पंखा-पट्ट्यापासून दूर असाव्यात.

हे वर्गातही दाखवता येते. दोन कोरडे घट आणि सुमारे 5 ओहमचा रोधक एकसरीत जोडा. हा रोधक म्हणजे आपला 'खराब जोड'. मोकळ्या टोकांवर व्होल्टमीटर सुमारे 3 व्होल्ट दाखवील. आता तिथे 2.5 व्होल्ट, 0.3 अँपिअरचा टॉर्चचा बल्ब लावा. आकडा 2 व्होल्टच्या आसपास किंवा खाली घसरेल. प्रवाह वाहू लागल्याशिवाय दोष दिसत नाही, हे विद्यार्थ्यांना चटकन पटते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. ऑइलच्या दाबाचा स्विच वायर जोडून कायमचा टाळू नये. तापलेले ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या इंजिनात दाब खरोखरच घसरतो. अशा वेळी स्विच खरे बोलत असतो. त्याला गप्प केले तर बेअरिंगे जळतात. दुसरे, दिवे लुकलुकत असतील तर कार्बन ब्रश झिजलेले किंवा न्यूट्रल सैल असू शकतो. तीन फेजच्या जनित्रात न्यूट्रल सुटला, तर काही उपकरणांवर 230 व्होल्टऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. ही बाजू यंत्र बंद करून जाणत्या इलेक्ट्रिशियननेच पाहावी.

सापडलेला जोड बॅटरीची वायर सोडवून घासून स्वच्छ करावा, गरज असल्यास नवी लग बसवून घट्ट आवळावा आणि पुन्हा तेच माप घ्यावे. आकडा उतरला, तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येईल.