हवा जाते कोठे?

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगडाच्या आसपास, अकोल्याचे जुने शहर वसले आहे. अशा जुन्या वस्तीतील सायकल दुरुस्तीच्या दुकानात एक तंटा हटकून उद्भवण्यासारखा असतो. शर्यतीची, अरुंद चाकांची सायकल हौसेने घेतलेला एखादा विद्यार्थी सायंकाळी चाकांत दगडासारखी घट्ट हवा भरून घेतो. दुसऱ्या दिवशी पाहावे, तो चाक अंगठ्याखाली दबते. ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात बुडविली जाते, वीत वीत फिरवून तपासली जाते. परंतु एकही बुडबुडा वर येत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार! मग संशयाला पाय फुटतात. दुकानदाराने हलकी ट्यूब घातली असेल, पैशांसाठी टाचणी टोचली असेल, नाहीतर शेजारच्या मुलांनी रात्री खोडी केली असेल, असे तर्क सुरू होतात. समोरच उभी असलेली दूधवाल्याची जाडजूड सायकल मात्र आठ आठ दिवस पंपाचे तोंड पाहत नाही, त्यामुळे संशय अधिकच बळावतो.

ज्याने काही केलेले नाही त्याच्यावर आळ येण्यापूर्वी, ही हवा जाते कोठे, याचा शोध घेणे बरे.

पाझर म्हणजे काय, हे वऱ्हाडातील मुलांना शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात प्रत्येक घरी पाण्याचा माठ असतो. त्याला कोठेही चीर नसते, तरी त्याचे अंग सदैव ओलसर असते. मातीच्या कणांमध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी बाहेर येते. रबराचेही असेच असेल, असे प्रथम वाटते. परंतु रबराची गोष्ट याहून निराळी आणि अधिक नवलाची आहे.

१८३१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन मिचेल नावाच्या डॉक्टरांनी रबराच्या फुग्यांत निरनिराळे वायू भरून पाहिले. फुगे न फुटताच वायू बाहेर पडत होते. मात्र सगळ्यांचा वेग सारखा नव्हता. पुढे १८६६ साली लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख टॉमस ग्रॅहॅम यांनी हा वेग मोजला. (नाणी पाडण्याच्या कचेरीतील अधिकाऱ्याने रबराचा छडा लावावा, हे चमत्कारिक वाटेल, परंतु ग्रॅहॅम हे मुळात रसायनशास्त्रज्ञ होते.) त्यांना असे आढळले की, रबराच्या पडद्यातून ऑक्सिजन हा नायट्रोजनच्या सुमारे अडीच पट वेगाने जातो आणि कार्बन डायऑक्साइड तर साडेतेरा पट वेगाने! आता विचार करावा. कार्बन डायऑक्साइडचा रेणू नायट्रोजनच्या रेणूहून जड असतो. रबराला माठासारखी छिद्रे असती, तर जड रेणू मागे राहिला असता. येथे तर तोच सर्वांच्या पुढे धावतो. याचा अर्थ वायू रबरातील छिद्रांतून जात नाही. तो रबरात विरघळतो. साखर पाण्यात विरघळावी तसा तो आतल्या बाजूने रबरात शिरतो, रबराच्या अंगातून वाट काढतो आणि बाहेरच्या बाजूने मोकळा होतो. जो वायू रबरात अधिक विरघळतो, तो अधिक निसटतो.

ही वाट तो कशी काढतो? श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णेचे पाणी घेतलेल्या कावडी जुन्या शहरातील राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. त्या वेळी रस्त्यात मुंगी शिरायला जागा नसते. तरीही गर्दी जागच्या जागी हेलकावत असते. दोघांच्या खांद्यांमध्ये क्षणभर फट पडते आणि एखादे चपळ मूल तेवढ्यात एक पाऊल पुढे सरकते. रबर हे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. त्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी स्वस्थ नसतात. त्यांच्या थरथरण्यामुळे अतिसूक्ष्म फटी निर्माण होतात आणि मिटतात. वायूचे रेणू या फटींतून पाऊल पाऊल सरकतात. बाहेरचे रेणूही आत येतच असतात; परंतु आत दाटी अधिक असल्याने बाहेर जाणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी राहते.

म्हणजे हवा सगळ्याच ट्यूबांतून जाते. मग दूधवाल्याची सायकल आठवडाभर कशी चालते? येथे थोडा हिशेब केला पाहिजे. साध्या सायकलीच्या टायरची रुंदी ३८ मिलिमीटर आणि हवेचा दाब दर चौरस इंचास ४० पौंड धरू. शर्यतीच्या टायरची रुंदी २५ मिलिमीटर आणि दाब १०० पौंड धरू. अरुंद टायरमध्ये जेमतेम एक लिटर जागा असते. रुंद टायरमध्ये त्याच्या सव्वादोन पट. परंतु हवा निसटून जाण्यास मिळणारा रबराचा पृष्ठभाग मात्र रुंद टायरमध्ये केवळ दीडपट असतो. म्हणजे अरुंद टायरमध्ये शिल्लक थोडी आणि दारे त्या मानाने अधिक. त्यातच आतला रेटा अडीच पट आणि वजन वाचविण्यासाठी ट्यूबही पातळ केलेली. ती निम्म्या जाडीची मानली, तर दाब उतरण्याचा वेग साध्या टायरच्या सातपटींहून अधिक भरतो.

तरीही घमेल्यात बुडबुडा का दिसत नाही? एका दिवसात दहा पौंड दाब उतरला, तर सुमारे पाऊण लिटर हवा बाहेर गेली असे होते. परंतु ती दोन मीटरांहून लांब असलेल्या ट्यूबच्या सर्वांगातून, चोवीस तासांत गेलेली असते. मिनिटाला जेमतेम अर्धा घनसेंटिमीटर! शिवाय टायरमधून काढलेल्या मोकळ्या ट्यूबमध्ये १०० पौंड हवा भरताच येत नाही, ती आधीच फुटेल. त्यामुळे तपासणीच्या वेळी आतला रेटाही अगदी थोडा असतो.

रबराची जात कोणती, यालाही फार महत्त्व आहे. झाडाच्या चिकापासून केलेल्या पातळ लॅटेक्सच्या ट्यूबा अतिशय लवचीक असतात. त्यांवर चाक हलके पळते, म्हणून शर्यतीत त्या अजून वापरल्या जातात. परंतु त्या एका रात्रीत दहा-पंधरा पौंड उतरतात. १९३७ साली अमेरिकेत विल्यम स्पार्क्स व रॉबर्ट टॉमस यांनी ब्यूटिल नावाचे कृत्रिम रबर तयार केले. त्याच्या साखळ्यांची रचना दाट असल्याने हवेला वाट सहज सापडत नाही; नैसर्गिक रबराच्या मानाने आठ-दहापट कमी हवा तीतून जाते. काळ्या रंगाची नेहमीची ट्यूब बहुधा याच रबराची असते.

अकोल्याच्या उन्हाचाही यात वाटा आहे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो. रबर जितके तापेल, तितकी त्याच्या साखळ्यांची थरथर वाढते. वीस अंश अधिक उष्णतेत हवा दुपटीहून वेगाने निसटते. याशिवाय उष्णतेचा आणखी एक खेळ आहे. भर दुपारी ४४ अंशांत १०० पौंड हवा भरली आणि पहाटे २६ अंशांत दाब मोजला, तर हवेचा कणही न जाता तो ९३-९४ पौंड भरेल. कारण थंड झालेल्या वायूचा दाब कमी होतो. मोजणारा पंप लावतानाही थोडी हवा त्याच्या नळीत शिरते. एवढासा तोटा मोठ्या चाकाला जाणवत नाही, अरुंद चाकाला जाणवतो.

खरे छिद्र ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. दोन्ही चाकांत एकाच वेळी सारखी हवा भरावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाब मोजावा. ट्यूबा एकाच जातीच्या असून दोन्ही चाके सारखीच उतरली, तर तो रबराचा धर्म समजावा. एकच चाक बसले, तर काटा, खिळा किंवा सैल व्हॉल्व्ह यांचा शोध घ्यावा. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर रबराची लहानशी नळी असते; ती उन्हाने कडक होऊन चिरते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचे बोट लावले की तेथील गळती तत्काळ कळते.

शर्यतीच्या सायकलीने कमी हवेवर निघणे मात्र धोक्याचे असते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला एकदम दोन भोके पडतात. वेग मोठा असेल, तर स्वारही रस्त्यावर येतो. म्हणूनच मुंबई-पुणे शर्यतीत घाट चढून ‘घाटाचा राजा’ म्हणवून घेण्याची आकांक्षा धरणाऱ्याला, आदल्या रात्री भरलेल्या हवेवर विसंबून चालत नाही; निघण्यापूर्वी त्याच सकाळी दाब पाहावा लागतो.

वाटेत पंक्चर झाल्यास कित्येक स्वार खिशातील छोट्या नळकांड्यातून चाक भरतात. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. चाक क्षणात टणक होते, परंतु ग्रॅहॅम यांनी मोजलेली त्या वायूची घाई तशीच आहे. दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ पडते. तेव्हा मुक्कामावर पोहोचताच तो वायू सोडून देऊन पंपाने साधी हवा भरून घ्यावी लागते.