सलालात भेटलं मालवण

नौदल म्हटलं की तुम्हाला पांढराशुभ्र युनिफॉर्म आणि फुकटची फॉरेन टूर दिसते ना? 2009 मध्ये मी एडनच्या आखातात होतो. चाच्यांविरुद्ध आपल्या नौदलाची गस्त तिथे ऑक्टोबर 2008 मध्येच सुरू झाली होती. चाचे क्वचितच दिसायचे. रोजचं म्हणजे पाणी, वॉच, झोप, पुन्हा वॉच! मग ओमानचं सलाला बंदर आलं. ऑगस्ट महिना, भुरभुर पाऊस (तिथल्या पावसाळ्याला म्हणतात खरीफ, आपल्या पिकांसारखं), हिरवे डोंगर, रस्त्याकडेला शहाळी... थेट मालवणच! लिबर्टी मिळताच शॉपिंग सोडून आधी फोन गाठला. बायकोने रिसीव्हर तीन वर्षांच्या लेकीकडे दिला.

"कोण?"

"बाबा."

"बाबा बोटीर गेलो," म्हणत तिने फोन ठेवून दिला. कार्डात अजून अकरा मिनिटं शिल्लक होती.