लहान यंत्रांतील वेब सर्व्हर

घराच्या कोपऱ्यांत लुकलुकणारा राउटर पुष्कळांना केवळ तारांची जोडणी वाटतो. परंतु परवलीचा शब्द बदलण्यासाठीं त्याचा पत्ता ब्राउझरमध्यें लिहितांच एक पान उघडतें. तें दूरच्या संगणकावरून येत नाहीं. त्या पेटीच्याच पोटांतून येतें. पान पुरविणाऱ्या या प्रोग्रॅमला वेब सर्व्हर म्हणतात. पाळतीच्या कॅमेऱ्यांतही तो असतो. तो कसा निवडावा?

पहिली कसोटी स्मृतीची. ईएसपी-३२ या चिपमध्यें अवघी ५२० किलोबाइट स्मृति असते. संदेश गुप्त ठेवावयाचा, तर टीएलएसच्या नियमाप्रमाणें त्याचा एक तुकडा १६ किलोबाइटपर्यंत असूं शकतो. येणाऱ्या व जाणाऱ्या संदेशांसाठीं तेवढी जागा राखली, कीं एका पाहुण्यामागें ३२ किलोबाइट खर्च होतात. दहा पाहुणे एकदम आले, तर निम्म्याहून अधिक कोठार रिकामें! म्हणून प्रोग्रॅमचा आकार पाहून भागत नाहीं. प्रत्येक जोडणीचा खर्च मोजावा लागतो.

दुसरी कसोटी कामाच्या रीतीची. प्रत्येक पाहुण्यासाठीं नवा वाढपी नेमणें लहान घरास परवडत नाहीं. एकाच वाढप्यानें आळीपाळीनें सर्व पंगत सांभाळावी, हें बरें. २००३ सालीं निघालेला लाइटटीपीडी याच रीतीनें चालतो.

बोआ नांवाचा सर्व्हरही असाच आटोपशीर होता. परंतु २००५ सालीं त्याची देखभाल थांबली. तरीही चिप बनविणाऱ्यांच्या तयार संचांतून तो नव्या राउटरांत व कॅमेऱ्यांत शिरतच राहिला. पुढें त्यांत परक्यास फायली वाचूं देणारे दोष सांपडले. ते बुजविणारा मूळ कर्ता मात्र उरला नव्हता. भारताच्या वीजव्यवस्थेवरील हल्ल्यांशीं संबंधित पत्त्यांवर बोआ चालत असल्याचें मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर २०२२ मध्यें जाहीर केलें. एका आठवड्यांत जगभर त्याचे दहा लाखांहून अधिक उघडे ठाव त्या कंपनीस आढळले होते.

म्हणून तिसरी कसोटीच निर्णायक ठरते. त्या सर्व्हरची देखभाल आज कोण करतो, शेवटची दुरुस्ती केव्हां झाली, आणि ती विकलेल्या पेटीपर्यंत पोंचते कशी? यंत्र दहा वर्षें टिकत असेल, तर सर्व्हरची काळजी घेणारेंही कोणी तितकीं वर्षें हवें. राउटर घेणाऱ्या गृहस्थानेंही किंमतीबरोबर हें विचारावें, आणि व्यवस्थेचें पान बाहेरच्या जगास बंद ठेवावें. सर्व्हर हलका असणें चांगलें. तो बेवारशी नसणें अधिक चांगलें.