बेचाळिसाव्या वर्षीचा नवखा

९ जुलै १९४८ च्या रात्री अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या मैदानावर एक उंच, सडपातळ माणूस रमतगमत मधल्या उंचवट्याकडे चालत गेला. दोनच दिवसांपूर्वी त्याला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. अधिकृत नोंदीनुसार तो त्या दिवशी नवखा खेळाडू होता. प्रत्यक्षात १९२६ पासून, म्हणजे बावीस वर्षे, तो चेंडू टाकून पोट भरत होता. त्याचे नाव लेरॉय ‘सॅचेल’ पेज. ही बावीस वर्षे वहीतून कुठे गेली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी पिचर म्हणजे कोण, ते पाहू. बेसबॉलमधला पिचर साडेसाठ फुटांवरून फलंदाजाकडे चेंडू टाकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही आणि कोपर वाकवून फेकण्याची पूर्ण मुभा असते. क्रिकेटच्या गोलंदाजापेक्षा त्याचे वेगळेपण हिशेबात आहे. संघाचा विजय वा पराभव एका पिचरच्या वैयक्तिक खात्यावरही लिहिला जातो. नऊ डावांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या, हा त्याचा दुसरा आकडा. पिचरची कारकीर्द अशी जमाखर्चाच्या वहीसारखी असते, आणि म्हणूनच वही कोणाच्या हातात आहे याला महत्त्व येते.

पेज १९०६ साली अलाबामातील मोबील शहरात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मला. लहानपणी तो रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाहायचा. त्यावरूनच त्याला ‘सॅचेल’ हे नाव पडले, असे सांगतात. बाराव्या वर्षी चोरीच्या आरोपावरून त्याला सुधारगृहात पाठवले गेले. चेंडू टाकण्याचे खरे शिक्षण त्याला तिथे मिळाले. बाहेर आला तेव्हा हात तयार होता, पण मोठ्या लीगचे दार बंद होते. कृष्णवर्णीयांना घ्यायचे नाही, असा कोणताही लेखी नियम नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संघमालक तो न लिहिता पाळत होते. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद तरी कुठे मागायची?

१९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने ‘नीग्रो नॅशनल लीग’ उभी राहिली. पेज बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी अशा संघांतून खेळला. लीगच्या सामन्यांवर भागत नसे. मग जत्रेच्या हंगामात तमाशाचा फड फिरावा तसे हे संघ गावोगाव फिरत. अनेक गावांत त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, मग बसमध्येच झोपायचे. हिवाळ्यात पेज कॅलिफोर्नियात किंवा कॅरिबियन बेटांवर खेळे. १९३७ मध्ये तर तो डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याचे नाव लावणाऱ्या संघाकडून खेळला. डिझी डीन, बॉब फेलर यांसारख्या गोऱ्या नामवंत पिचरांशी त्याचे प्रदर्शनीय सामने झाले. लोक तिकीट काढून ते पाहायला येत. पण त्यातला एकही सामना अधिकृत वहीत चढला नाही.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडचे मालक बिल व्हीक यांनी पेजला करारबद्ध केले, तेव्हा गर्दी खेचण्याचा हा खटाटोप असल्याची टीका झाली. पेजने त्या हंगामात सहा सामने जिंकले, एक गमावला आणि नऊ डावांमागे सरासरी २.४८ धावा दिल्या. सुरुवातीपासून चेंडू टाकलेल्या त्याच्या पहिल्या तीन सामन्यांना दोन लाखांहून अधिक प्रेक्षक आले. पाऊल पुढे टाकून क्षणभर थबकायचे आणि मग चेंडू सोडायचा, ही त्याची खास लकब मात्र लीगच्या अध्यक्षांनी बेकायदा ठरवली.

२५ सप्टेंबर १९६५ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, तो कॅन्सस सिटीकडून अखेरचा उतरला. मालकाने प्रसिद्धीसाठी त्याला झुलत्या खुर्चीत बसवून शेजारी परिचारिका उभी केली होती. पेजने ती गंमत चालवून घेतली आणि मग बॉस्टनविरुद्ध तीन डावांत एकही धाव दिली नाही. मोठ्या लीगमधले त्याचे खाते २८ विजय आणि ३१ पराभवांवर बंद झाले. त्याचा स्वतःचा दावा अडीच हजार सामने आणि दोन हजार विजयांचा होता. पेज गोष्टी रंगवून सांगे, त्यामुळे दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण २८ हा आकडाही खरा हिशेब नव्हे.

१९७१ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची निवड झाली, तीही आधी कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या दालनासाठी. गदारोळ झाल्यावर वेगळी पंगत रद्द झाली. १९८२ मध्ये पेज वारला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत वहीत आले. हे आकडे मिळाले कुठून? ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत छापलेल्या धावफलकांतून. स्वतःच्या हौसेने अभ्यास करणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षे एकेक करून टिपले होते. प्रदर्शनीय सामने मात्र आजही वहीबाहेर आहेत.

मराठी वाचकाला इथे पालवणकर बाळू आठवल्यावाचून राहणार नाही. बाळू हिंदू संघातून खेळला आणि १९११ चा इंग्लंड दौराही त्याने गाजवला. त्याचे ३३ प्रथम श्रेणी सामने आणि १७९ बळी वहीत आहेत. पण पुण्यात खेळाच्या मध्यंतरात त्याला चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. बाळूची तशी नेमणूक कधीच झाली नाही. पेजला मैदानच वेगळे होते, म्हणून त्याचे आकडे हरवले. बाळूला मैदान मिळाले, आकडेही राहिले. धावफलकात त्या मातीच्या भांड्यासाठी रकाना नसतो.

पेजचे हरवलेले सामने काही अंशी सापडले, कारण कोणीतरी ते त्या त्या दिवशी छापून ठेवले होते. आपल्या तालुक्याच्या गावातली जुनी साप्ताहिके वाळवीच्या हवाली करण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवलेले बरे.