फ्लॉरेन्समधील एक दिवस



इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एकच दिवस राहावयास मिळाला, तर काय पाहावें आणि काय खावें? सगळेंच पाहूं म्हणणाराच्या पदरीं थकव्यावांचून दुसरें कांहीं पडत नाहीं. म्हणून आज एकच धागा हातीं धरून हें शहर पाहूं. जुनें टाकून न देतां तें वापरांत कसें ठेवावें, हें या शहराला चांगलें उमगलें आहे. आणि जेथें तें चुकलें, तेथें त्याचें शासनहि त्यानें भोगलें आहे.

सकाळची कॉफी तेथील लोकांप्रमाणें दुकानांत उभ्यानेंच घ्यावी. बसून घेतल्यास पुष्कळ ठिकाणीं दर अधिक पडतो. मग थेट मुख्य देवालयाकडे वळावें. याचें बांधकाम १२९६ सालीं सुरू झालें. पुढें त्याच्या मध्यभागाची रुंदी सुमारें ४५ मीटर ठरली, आणि एवढ्या जागेवर घुमट चढवावा कसा, हा पेंच पडला. पूर्वजांचें काम न मोडतां ब्रुनेलेस्की या कारागिरानें १४२० पासून १४३६ पर्यंत तो घुमट उभारला, आणि तोहि जमिनीपासून लांकडी आधार न देतां! त्यानें एकांत एक अशीं दोन कवचें बांधलीं आणि विटा अशा तिरकस गुंफून बसविल्या कीं, चुना सुकेपर्यंत त्या घसरूं नयेत. या दोन कवचांमधूनच वर जाण्याची वाट आहे. पायऱ्या ४६३ आहेत. गुडघे धड असतील त्यानेंच चढावें.

तेथून उफ्फीत्सी हें चित्रसंग्रहालय जवळच आहे. ‘उफ्फीत्सी’ म्हणजे कचेऱ्या. वासारीनें १५६० मध्यें ही इमारत सरकारी कचेऱ्यांसाठींच बांधावयास घेतली होती. मेदिची घराण्याची सत्ता संपली, तेव्हां त्या घराण्यांतील शेवटची स्त्री आन्ना मारिया लुइझा हिनें १७३७ सालीं नव्या राजघराण्याशीं एक करार केला. घराण्याचीं चित्रें, पुतळे व इतर संग्रह लोकांच्या उपयोगासाठीं असून यांतील कांहींहि शहराबाहेर नेऊं नये, अशी त्याची मुख्य अट होती. बोत्तिचेल्लीची व्हीनस आज तेथें पाहावयास मिळते, ती या दूरदृष्टीमुळेंच.

दुपारीं सान लोरेन्झोच्या बाजारांत जेवावें. लोखंड व कांच यांची ही इमारत १८७४ ची. तेथील पावांत मीठ नसतें; पहिला घांस अळणी लागला म्हणून नाक मुरडूं नये. हाच पाव शिळा झाला कीं, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, काळसर पानांची कोबी आणि ऑलिव्हचें तेल यांच्याबरोबर शिजवितात. या पदार्थाचें नांव ‘रिबोल्लीता’, म्हणजे पुन्हां उकळलेली. आपल्या गृहिणी शिळ्या पोळीला फोडणी देतात, त्यांतलाच हा प्रकार. मात्र ‘लाम्प्रेदोत्तो’ मागण्यापूर्वीं विचार करावा. तो गाईच्या पोटाचा भाग असतो.

जेवणानंतर सांता क्रोचे या देवालयांत जावें. तेथें गॅलिलिओ व मायकेलअँजेलो यांच्या समाध्या आहेत. दान्तेचीहि एक आहे, पण ती रिकामी आहे. या महाकवीला शहरानें १३०२ सालीं हद्दपार केलें आणि १३२१ मध्यें तो राव्हेन्ना येथें वारला. पुढें फ्लॉरेन्सनें त्याच्या अस्थि मागितल्या, पण राव्हेन्नानें त्या दिल्या नाहींत.

नंतर आर्नो नदीवरील जुन्या पुलावर यावें. तो १३४५ चा असून त्यावर दुकानें आहेत. पूर्वीं तीं खाटकांचीं होतीं. १५९३ मध्यें राजाज्ञेनें तेथें सोनार आले. १९४४ च्या ऑगस्टांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शहरांतील बाकीचे सर्व पूल उडविले, एवढाच राहिला. १९६६ च्या नोव्हेंबरांतील महापुरांतहि तो टिकला.

संध्याकाळीं नदीच्या प्रवाहाच्या दिशेनें कास्चिने उद्यानाच्या पार टोंकाला जावें. पायीं जमत नसल्यास गाडी करावी. तेथें आर्नोला मुन्योने नदी मिळते. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज विलायतेहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्समध्यें निवर्तले. वय अवघें वीस वर्षांचें. इटलींत तेव्हां दहनाची चाल नव्हती. तरीहि या संगमावर हिंदु रीतीप्रमाणें त्यांचें दहन झालें. १८७४ मध्यें तेथें छत्री उभी राहिली. तिच्याखालीं फुलर या इंग्रज शिल्पकारानें घडविलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या नव्या पुलालाहि शहरानें ‘इंडियानो’ हेंच नांव दिलें आहे.

आपल्या कवीला घालवून देणाऱ्या नगरानें परदेशीं मरण आलेल्या एका मराठी तरुणाची आठवण दीडशे वर्षें सांभाळली आहे. आपणांपैकीं जो कोणी तिकडे जाईल, त्यानें घुमटाच्या चार पायऱ्या कमी चढाव्या, पण दिवस मावळण्यापूर्वीं या छत्रीपाशीं क्षणभर उभें राहावें. तेवढें आपलेंहि कर्तव्य आहे.