पाणी, गवत आणि पक्षी : एका परिसंस्थेची घडण

राजस्थानातील भरतपूर शहराला लागून सुमारे २९ चौरस किलोमीटर विस्ताराचा एक सखल प्रदेश आहे. केवलादेव या नावाने ओळखले जाणारे शंकराचे जुने मंदिर तेथे असल्याने या रानाला ‘केवलादेव घना’ असे म्हणतात. पावसाळ्यानंतर येथे जो पक्ष्यांचा मेळा भरतो, त्यासाठी हे स्थान जगप्रसिद्ध आहे. परंतु येथे केवळ पक्ष्यांचे वर्णन करण्याचा हेतू नाही. सजीव आणि निर्जीव घटक एकमेकांना कसे घडवितात, आणि त्यांतील एकाला धक्का लागला असता इतरांचे काय होते, हे घन्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

परिसंस्था म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणी राहणारे सर्व सजीव आणि तेथील पाणी, माती, हवा, उष्णता व प्रकाश ही निर्जीव परिस्थिती मिळून जी एक बांधणी तयार होते, तिला परिसंस्था म्हणतात. ही कल्पना टॅन्सले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली मांडली. प्राण्यांचा आणि वनस्पतींचा विचार त्यांच्या भोवतालच्या परिस्थितीपासून तोडून करता येत नाही, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होय. परिस्थिती सजीवांना घडविते ही गोष्ट सहज पटते. सजीवही परिस्थितीला घडवीत असतात, ही दुसरी बाजू मात्र आपल्या ध्यानात बहुधा राहत नाही.

निर्जीव घटकांची सत्ता

घन्यातील प्रमुख निर्जीव घटक म्हणजे पाणी. अठराव्या शतकात भरतपूरचे राजे सूरजमल यांच्या काळात अजान बंधारा बांधण्यात आला आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी या सखल भागाकडे वळविता येऊ लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी येथे कालवे, बांध व दरवाजे बांधून पाण्याचे नियमन केले. म्हणजे ही पाणथळ पूर्णतः निसर्गनिर्मित नाही. निसर्गाने खोलगट भूमी दिली व तीत पाणी खेळविले ते मनुष्याने. या व्यवस्थेत पक्षी किती विपुल झाले होते, याची साक्ष तेथील शिलालेख देतो : १९३८ सालच्या एका शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

पाणी किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ते केव्हा येते आणि किती खोल असते, यालाही तितकेच महत्त्व आहे. घन्यातील पाणी उथळ असल्याने सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो व तळाशी मुळे रोवून वाढणाऱ्या पाणवनस्पतींना अन्न तयार करता येते. पावसाळ्यात पुराबरोबर माशांची पिल्लेही येतात. नेमक्या याच सुमारास चित्रबलाक, पाणकावळे, बगळे इत्यादी पक्षी पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरटी बांधतात. पिल्लांना लागणारे अन्न जवळ असते आणि भोवतालच्या पाण्यामुळे भूचर शत्रूंना झाडापर्यंत येणे अवघड होते. ज्या वर्षी पाणी आले नाही, त्या वर्षी चित्रबलाकांनी घरटी बांधली नाहीत, किंवा बांधलेली घरटी सोडून दिली. झाडे तीच होती, पक्षीही तेच होते. उणीव होती ती एका घटकाची. आवश्यक गोष्टींपैकी जी सर्वांत अपुरी असते तीच वाढीची मर्यादा ठरविते, हा नियम लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पिकांच्या संदर्भात लोकांपुढे ठेवला. तो येथेही लागू पडतो.

उन्हाळ्यात पाणी आटू लागते. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. उरलेल्या डबक्यांत माशांची दाटी होऊन पुष्कळ मासे गुदमरून मरतात, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांची तेथे झुंबड उडते. एकाचे मरण दुसऱ्याचे भोजन ठरते. सुकलेल्या तळावर जे काही कुजते, त्यातील पोषक द्रव्ये पुढील वर्षीच्या वनस्पतींच्या उपयोगी पडतात.

सजीवांचा प्रतिप्रभाव

आता दुसरी बाजू पाहू. बाभळींवरील हजारो पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडते. तिच्यातील नत्र व स्फुरद यांच्यावर सूक्ष्म शैवाल पोसते, शैवालावर सूक्ष्म जीव व त्यांच्यावर मासे वाढतात. ज्या पाण्यावर पक्षी जगतात, त्या पाण्याला अशा रीतीने तेच खत घालीत असतात.

परंतु या प्रतिप्रभावाचा खरा धडा घन्याला मिळाला तो म्हशींकडून. कित्येक पिढ्या आसपासच्या गावांतील गुरे व म्हशी येथे चरत असत. त्यांची संख्या सुमारे अडीच हजार होती. गुरांच्या चरण्यामुळे आणि तुडविण्यामुळे पाणवनस्पतींची हानी होते व पक्ष्यांना उपद्रव होतो, असा तज्ज्ञांचा समज होता, आणि तो वरकरणी सयुक्तिकच होता. घन्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर १९८२ साली येथे चराईला पूर्ण बंदी करण्यात आली. चाऱ्याचा आधार तुटल्याने गावकऱ्यांनी विरोध केला. संघर्ष विकोपाला जाऊन पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले.

त्याच दशकात, १९८० ते १९९० या काळात, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने घन्याच्या परिस्थितीचा दीर्घ अभ्यास केला. त्यातून जे दिसून आले ते अपेक्षेच्या उलट होते. म्हशी गेल्यानंतर पॅस्पालम नावाचे गवत बेसुमार वाढले. हे गवत पाण्यात व जमिनीवर सारखेच फोफावते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचा दाट गालिचा पसरतो. त्यामुळे मोकळे पाणी आक्रसले. खाली प्रकाश पोहोचेना, म्हणून इतर पाणवनस्पती खुंटल्या. कुजणाऱ्या गवताने पाण्यातील प्राणवायू घटला व माशांच्या वाढीला बाध आला. वर्षानुवर्षे साचलेल्या पाल्यापाचोळ्याने तळ उथळ होऊ लागला. मोकळ्या पाण्यात चरणारी बदके आणि वारकरी पक्षी, तसेच चिखलातील लव्हाळ्याचे कंद उकरून खाणारे सायबेरियन क्रौंच, या सर्वांचीच गैरसोय झाली.

येथे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. एक सजीव घटक काढून घेतला, दुसरा सजीव घटक मोकाट वाढला, आणि त्याने प्रकाश, प्राणवायू व पाण्याची खोली हे निर्जीव घटकच पालटून टाकले. परके म्हणून ज्या म्हशींना बाहेर घालविले, त्या वस्तुतः या परिसंस्थेचाच एक भाग बनल्या होत्या. पुढे गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. म्हशींच्या तोंडचे काम विळ्याकडे आले.

याचा अर्थ चराई सर्वत्र हितकारकच असते, असा मात्र घेऊ नये. दुसऱ्या एखाद्या रानात तितक्याच गुरांनी भूमी उजाड केली असती. कोणत्याही घटकाचा परिणाम त्याच्या भोवतीच्या इतर घटकांवर अवलंबून असतो.

सीमेबाहेरची कारणे

परिसंस्थेला कुंपण घालता येत नाही. गंभीर नदीवर वरच्या बाजूस, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाल्यावर घन्याकडे येणारे पाणी अनिश्चित झाले. उद्यानाला वर्षाकाठी सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते. तेच पाणी शेतकऱ्यांनाही हवे असते, आणि त्यांची निकड खोटी म्हणता येणार नाही. कोरड्या पडलेल्या भूमीवर विलायती बाभूळ पसरली. अन्य मार्गांनी, नळांतून पाणी आणण्याच्या योजना झाल्या, व त्यांनी तळी भरता येतात. परंतु पुराबरोबर येणारे मत्स्यबीज नळातील पाणी तितक्या प्रमाणात आणू शकत नाही.

सायबेरियन क्रौंचांची कथा याहून दूर जाते. १९६०च्या दशकात येथे सुमारे दोनशे क्रौंच हिवाळ्यात येत असत. २००२ नंतर एकही आलेला नाही. त्यांचा मार्ग अनेक देशांवरून जात असे आणि वाटेतील शिकार हे त्यांच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण मानले जाते. १९८५ साली घन्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली, पण त्या गौरवाने सैबेरियापासूनची वाट सुरक्षित होऊ शकली नाही.

विद्यार्थ्यांसाठी

हे संबंध पाहण्यासाठी भरतपूरलाच जावयास हवे, असे नाही. आपल्या गावच्या तळ्याची वर्षभराची एक नोंदवही ठेवावी. दर पंधरवड्यास पाण्याची खोली, त्याचे तापमान व गढूळपणा लिहावा. कोणत्या वनस्पतींनी पृष्ठभाग किती व्यापला, कोणते पक्षी आले, गुरे किती उतरली, कोणी काय कापून नेले, हेही टिपावे. वर्षाअखेर या नोंदी शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. एका रकान्यातील बदलापाठोपाठ कोणता रकाना बदलला, हे शोधून काढणे हाच या शास्त्राचा प्रारंभ होय. आणि तळ्यातून काही काढून टाकण्याचा अथवा त्यात काही नवे आणण्याचा विचार कोणी मांडला, तर ती वही प्रथम उघडून पाहावी.