फोटोवरून युरोपातलं शहर ओळखायचंय? मग वॉर्सा तुम्हाला फसवणारच

दगडी फरशीचा मोठा चौक. चारी बाजूंना पिवळ्या, गुलाबी, हिरवट रंगाच्या अरुंद इमारती एकमेकींना खेटून उभ्या. मधोमध तलवार उगारलेल्या जलपरीचा पुतळा. फोटो कुठला?

उत्तर आहे वॉर्सा, पोलंडची राजधानी. पण दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. या इमारती किती जुन्या असतील?

२०१३ मध्ये जिओगेसर हा ऑनलाइन खेळ आला आणि फोटोवरून जागा ओळखण्याचं वेड जगभर पसरलं. गुगल स्ट्रीट व्ह्यूमधला कुठलाही रस्ता समोर येतो आणि नकाशावर ती जागा दाखवायची. मुरलेले खेळाडू इमारतींच्या आधी पाट्या बघतात. एल अक्षरातून तिरकी रेघ गेलेली दिसली की पोलंडकडे वळायचं. ओ किंवा यूच्या डोक्यावर दोन तिरक्या रेघा असतील तर हंगेरी. पिवळ्या ट्रामवर मात्र विसंबू नये. लिस्बन, बुडापेस्ट आणि बर्लिन, तिन्हीकडे ट्राम पिवळीच आहे.

पाट्यांवरून देश सापडतो. पण शहराचा इतिहास फोटोवरून सांगायला गेलं की गोची होते.

सॅन फ्रान्सिस्को वाटतं, पण आहे लिस्बन

चढउताराचे रस्ते, ट्राम आणि मागे लाल रंगाचा झुलता पूल. अनेकांना इथे अमेरिकाच आठवते. प्रत्यक्षात हा लिस्बनमधला टेगस नदीवरचा पूल. १९६६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याला सालाझारचं नाव होतं. गोवा सोडायला शेवटपर्यंत तयार नसलेला पोर्तुगालचा हुकूमशहा तो हाच. २५ एप्रिल १९७४ ला त्याची राजवट उलथली आणि पुलाला त्या तारखेचंच नाव मिळालं.

याच शहराचा अल्फामा भाग गल्लीबोळांचा, तर खालचा बायशा भाग पट्टीनं आखल्यासारखा सरळ. कारण १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप. त्यानंतर त्सुनामी आली, आगी लागल्या आणि बायशा उद्ध्वस्त झाला. मार्क्विस पोंबाल यांनी तो नव्यानं उभारताना रुंद रस्ते आखले आणि धक्का सोसता यावा म्हणून घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवायला लावले.

वॉर्साचा चौक नेमका कधीचा?

आता पुन्हा जलपरीच्या चौकाकडे. इमारती दिसतात सतराव्या-अठराव्या शतकातल्या, पण त्यांचं बांधकाम भारत स्वतंत्र झाला त्याच्या आसपासच्या वर्षांतलं आहे. चौक लोकांसाठी खुला झाला तो १९५३ मध्ये.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या लोकांनी नाझींविरुद्ध उठाव केला. ६३ दिवसांनी तो मोडला. त्यानंतर नाझींनी नागरिकांना शहराबाहेर काढलं आणि एकेक इमारत ठरवून जाळली, सुरुंग लावून उडवली. शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त ऐतिहासिक भाग नष्ट झाला.

मग हुबेहूब उभारणी कशी जमली? युद्धाआधी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींची मापं घेऊन आराखडे काढले होते. ते प्योत्रकुफ गावातल्या मठात लपवून वाचवले गेले. दुसरा आधार होता बर्नार्डो बेलोत्तो या चित्रकाराचा. अठराव्या शतकात पोलंडच्या राजानं त्याला दरबारी ठेवलं होतं, आणि खिडक्या, कंगोरे दिसतील इतक्या बारकाईनं त्यानं इथले रस्ते रंगवले होते. गंमत म्हणजे काही ठिकाणी त्यानं इमारती मनानं जरा देखण्या केल्या होत्या. त्यामुळे आजच्या काही इमारती जशा होत्या तशा नाहीत, त्यानं रंगवल्या तशा आहेत.

ढिगाऱ्यातल्या विटा आणि नक्षीचे तुकडे पुन्हा वापरले गेले. इतर शहरांतूनही विटा आणल्या. दर्शनी भाग जुन्या वळणाचा, आत मात्र नव्या पद्धतीची घरं. याला नकली म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण ज्यांनी हे शहर पाडलं त्यांना त्याची खूणही ठेवायची नव्हती, हे लक्षात घेतलं तर नक्कल करण्याचा हट्ट समजतो. १९८० मध्ये युनेस्कोनं या भागाला जागतिक वारसा ठरवलं ते पुनर्बांधणीचा नमुना म्हणूनच.

रॉटरडॅमनं काय केलं?

नेमकं उलटं. १४ मे १९४० ला जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचा जुना मध्यभाग जळाला. सेंट लॉरेन्स चर्चसारख्या मोजक्या वास्तू दुरुस्त झाल्या, बाकी ढिगारे हटवून नव्यानं शहर आखलं गेलं. वॉर्साचा चौक खुला झाला त्याच १९५३ मध्ये इथे लाइनबान हा फक्त पायी फिरण्याचा बाजाररस्ता सुरू झाला, आणि छातीत आरपार भोक असलेला ओसिप झाडकिनचा पुतळाही उभा राहिला. त्यामुळे नेदरलँड्सच्या फोटोत काचेचे मनोरे आणि कोपऱ्यावर तोललेली पिवळी घनाकृती घरं दिसली की खेळाडू डोळे मिटून रॉटरडॅम सांगतात.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा फोटोही चटकन ओळखता येतो. तिथल्या फ्राउएनकिर्शे चर्चच्या फिकट भिंतींवर जागोजागी काळे दगड आहेत. बघणाऱ्याला वाटतं, सफाई अर्धवट राहिली. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च कोसळलं आणि त्याचा ढिगारा कित्येक दशकं तसाच पडून होता. १९९४ ते २००५ या काळात ते पुन्हा बांधताना ढिगाऱ्यातून निघालेले दगड वापरले, शक्य तिथे मूळ जागीच. काळे दिसतात ते हेच दगड. हा वालुकाश्म काळानुसार काळवंडतो. नवे दगडही हळूहळू तसेच होतील आणि मग दोन्हींतला फरक फोटोत दिसणार नाही.